'दलाली' या शब्दाबद्दल, आणि इंजेक्शनाबद्दलही

'चाळीस दिवसांत कोंबडी दोन किलोंची कशी होते' या माझ्या गेल्या आठवड्यातल्या लेखावर (ती वाढीच्या हार्मोनच्या इंजेक्शनाने नव्हे, वाणामुळे वाढते, असा तो लेख) 'एक दादरकर' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. सुरुवातच अशी: "मॅडम, पोल्ट्रीवाल्यांची दलाली बंद करा. इंजेक्शन टोचल्याशिवाय चाळीस दिवसांत दोन किलो होत नाही, हे शेडमध्ये एकदा तरी पाऊल ठेवलेला कुणीही सांगेल." पुढे तीन तक्रारी आहेत. लेखात लसींचे दिवस चुकलेत, या विषयातल्या संशोधनाला पैसे कंपन्याच देतात, आणि अँटिबायोटिकबद्दल मी एक ओळही लिहिलेली नाही.

लसींचे दिवस चुकले, हे मान्य. लासोटा (राणीखेत रोगाची लस) पिल्लाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी आणि गंबोरो (त्याच नावाच्या रोगाची लस) चौदाव्याच्या सुमारास, असं हवं होतं; माझ्याकडून उलटसुलट झालं. दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार.

पण दादरकर, चूक दाखवायला 'दलाली' हा शब्द लागतो का? मतभेद असू द्या, मला त्याचं काही नाही. तीस वर्षं सरकारी नोकरीत शेतकऱ्यांची बोलणी खाल्ली आहेत. त्यांची पाखरं मेलेली असायची, त्यांचा राग मी समजू शकत होते. तुमचं काय मेलं होतं?

आणि शेडमध्ये पाऊल. आता सांगतेच. आम्ही परळच्या चाळीतले. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो कधी संपला हे आमच्या घराला कळलंच नाही, कारण वडिलांची गिरणी परत उघडलीच नाही. वर्षभर वाट पाहून त्यांनी कर्जतजवळच्या गावी, काकांच्या परसात, अंड्यांसाठी तीनशे कोंबड्या पाळल्या. मी बारा वर्षांची होते. सुट्टीत भाताचं तूस पसरणं, ओलं झालेलं खालवर करणं, पाण्याची भांडी घासणं ही कामं माझी. अमोनियाने डोळे कसे चुरचुरतात हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

मे महिन्यात मानमोडी आली. सकाळी शेडचं दार उघडलं तर एक कोंबडी मान पाठीवर उलटी टाकून गोल फिरत होती. खाली हिरवट विष्ठा. चौथ्या दिवशी तीनशेतल्या एक्केचाळीस उरल्या. वडिलांनी खड्डा खणला, चुना टाकला, आणि त्यानंतर ते शेडकडे गेले नाहीत.

लस दिली नव्हती असं नाही. वडिलांनी ती मुंबईतल्या एका दुकानातून आणली होती. दुकानदाराने कुपी कागदात गुंडाळून दिली. बर्फात न्यायची असते, हे त्याने सांगितलं नाही आणि वडिलांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. भर उन्हात, दुपारच्या कर्जत लोकलमध्ये, सदऱ्याच्या खिशात ती लस गेली. ही लस म्हणजे जिवंत विषाणू असतो. खिशातच मेला. पुढे पाखरांच्या डोळ्यांत आम्ही नुसतं पाणी सोडलं म्हणायचं.

पुढे घरापासून पायी दहा मिनिटांवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मला प्रवेश मिळाला. तिसऱ्या वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलावर सरांनी एका मेलेल्या कोंबडीचं पोट उभं चिरून उलटं केलं. आतल्या अस्तरावर, ग्रंथींच्या टोकांवर, टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके. "राणीखेत," सर म्हणाले. आम्ही जिला मानमोडी म्हणायचो ती हीच. मी हातमोजे काढून बाहेर जाऊन उभी राहिले. खड्ड्यातल्या त्या दोनशे एकोणसाठ पाखरांच्या पोटात काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. हा ब्लॉग मी त्यासाठी लिहिते. यात दलाली कुठे बसते ते तुम्हीच सांगा.

आता इंजेक्शन. 'ओळखीच्या एकाने टोचताना पाहिलंय' असंही तुम्ही लिहिलंय. पाहिलं असेल. उबवणीच्या केंद्रात पिल्लू एक दिवसाचं असताना मानेच्या कातडीखाली मॅरेक्सची लस टोचतात. ती वाढीची नाही, मॅरेक्स रोगाला अडवणारी. लासोटा तर टोचतही नाहीत. पिल्लू मुठीत धरायचं, डोळ्यात एक थेंब सोडायचा आणि ते डोळा मिटून उघडेपर्यंत थांबायचं. घाईने सोडून दिलं की थेंब पिसांवर, आणि पिल्लू बिनलशीचं. हजार पिल्लांना हे केलं की अंगठा दोन दिवस वाकत नाही.

वाढीचा हार्मोन हा प्रथिन आहे. खाद्यात घातला तर डाळीसारखा पचून जातो. म्हणजे टोचावाच लागणार, आणि रक्तात तो फार वेळ टिकत नाही म्हणून पुन्हा पुन्हा. पाच हजार पाखरांच्या शेडमध्ये रोज पाच हजार पाखरं पकडायची आणि टोचायची? उन्हाळ्यात पाखरांमध्ये नुसती धावपळ झाली तरी मर वाढते. ज्या धंद्यात किलोमागे दोन-चार रुपये सुटले तर सुटले, तिथे हे कोण करेल? बरं, टोचूनही वाढत्या पिल्लांवर फारसा परिणाम होत नाही, असं प्रयोगांत दिसलेलं आहे.

मग वाढतात कशाने? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७ आणि १९७८ ची जुनी वाणं पुढे निवड न करता जपून ठेवली होती. ती आणि २००५ चं ब्रॉयलर अशी तिन्ही त्यांनी एकत्र वाढवली, तिघांना एकच खाद्य. ५६ व्या दिवशी १९५७ च्या वाणाचं वजन ९०५ ग्रॅम भरलं, १९७८ च्या वाणाचं १,८०८ ग्रॅम आणि २००५ च्या वाणाचं ४,२०२ ग्रॅम. हा शोधनिबंध २०१४ चा आहे. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना इथल्या संशोधकांनी असाच हिशेब मांडला होता. त्यांच्या मते वाढीतला ८५ ते ९० टक्के फरक वाणाचा आणि उरलेला खाद्याचा. पिढ्यान् पिढ्या सर्वांत वेगाने वाढणारी पाखरंच पुढच्या पैदाशीला ठेवली गेली. आपल्या आजोबांनी बियाण्यासाठी भरलेलं कणीस बाजूला काढलं, तेच हे, फक्त काटेकोर वजनकाट्यावर.

आणि हे सगळं छान आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. अंगावर मांस इतक्या झपाट्याने चढतं की पायाची हाडं आणि हृदय मागे पडतात. पाय फाकवून बसलेलं, पाण्याच्या भांड्यापर्यंतही न पोचणारं ब्रॉयलर मी हातात घेतलेलं आहे. पोटात पाणी होऊन मेलेली चिरली आहेत. याला जबाबदार ती निवडच आहे. लोक हार्मोनच्या अफवेवर बोलत बसतात आणि या पाखराचे हाल तसेच राहतात, म्हणून मला त्या अफवेची चीड येते.

संशोधनाच्या पैशांबद्दल: काटा कुणी विकत घेतला यावरून ९०५ चे ४,२०२ होत नाहीत. यापेक्षा जास्त मला त्यावर बोलायचं नाही.

अँटिबायोटिकबद्दल: वाढीसाठी ती खाद्यात घालायला युरोपात २००६ पासून बंदी आहे, आपल्याकडे कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर २०१९ मध्ये बंदी आली, हे मला माहीत आहे. पण माझा लेख त्यावर नव्हता. लाडवाच्या कृतीत चकलीची भाजणी का नाही, असं विचारू नये. लिहायचं तेव्हा लिहीन, कुणी दटावलं म्हणून नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. शेड बघायचीच असेल तर कळवा. कर्जत भागातले एक शेतकरी माझ्या शब्दावर आत घेतात, पण येताना चुन्यात पाय बुडवून यावं लागेल आणि दोन दिवस आधीपासून दुसऱ्या कुठल्या कोंबड्यांजवळ जायचं नाही. तेवढा 'दलाली' हा शब्द मात्र मागे घ्या. माझे वडील आता नाहीत, पण हा ब्लॉग माझी आई वाचते.