‘मुलांकडून अर्थशास्त्र शिकू नका’ म्हणे!

परवा भाचीने एक मेसेज पुढे पाठवला. मथळा होता, ‘मुलांकडून अर्थशास्त्र शिकू नका : पाच कारणे’. खाली तिची एक ओळ : “मावशी, मी पुढच्या आठवड्यापासून नाही जाणार.” म्हणजे पीअर ट्यूटरिंगला. तिच्या कॉलेजात एक वर्ष पुढची मुलं खालच्या वर्गाला सूक्ष्म अर्थशास्त्राची गणितं आणि आकृत्या सोडवायला मदत करतात. मी हा विषय शिकवते, माझ्या वर्गातही हा मेसेज फिरतोय. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

पहिलं कारण : ‘ज्याला स्वतःला अर्धवट कळलंय, तो काय शिकवणार? दोन अर्धवट एकत्र आले की चूक दुप्पट होते.’

वाचायला खरं वाटतं, म्हणूनच हे सगळ्यात घातक आहे. २००९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात नेमक्या याच शंकेवरचा एक अभ्यास आला. वर्गात एक प्रश्न विचारला, प्रत्येकाने एकट्याने उत्तर दिलं. मग शेजाऱ्यांशी चर्चा करून त्याच प्रश्नाचं पुन्हा उत्तर दिलं. त्यानंतर त्याच संकल्पनेवरचा दुसरा, नवा प्रश्न आला आणि तो पुन्हा ज्याचा त्याने सोडवायचा होता. चर्चेआधी गटात एकालाही बरोबर उत्तर माहीत नव्हतं, अशा ठिकाणीही नव्या प्रश्नाची कामगिरी सुधारली. म्हणजे हुशार शेजाऱ्याचं उत्तर उचललं असंही म्हणायला जागा नाही. मान्य, तो वर्ग आनुवंशिकीचा होता, अर्थशास्त्राचा नव्हे. पण मेसेजचा दावा तरी कुठे अर्थशास्त्रापुरता आहे? न कळलेली माणसं एकत्र आली की चूक वाढतेच, असं तो सरसकट सांगतो. ते इथेच कोसळतं. आणि पीअर ट्यूटर तर पेपर पास होऊन आलेला असतो.

आता अर्थशास्त्रातलंच उदाहरण घ्या. मागणी वक्र, म्हणजे किंमत आणि मागणीचं नातं दाखवणारी रेषा, सरळ आहे, किंमत १ रुपयाने वाढली की मागणी १० नगांनी घटते. किंमत ८ असताना मागणी २०, किंमत २ असताना ८०. उतार सगळीकडे सारखाच, मग लवचिकताही (किंमत एक टक्का बदलली की मागणी किती टक्के बदलते ते) सारखीच, असं बहुतेकांना वाटतं. पण ८ वर १ रुपया म्हणजे साडेबारा टक्के आणि २० मधले १० नग म्हणजे ५० टक्के, म्हणून लवचिकता ४. खाली २ वर तोच रुपया ५० टक्के होतो आणि ८० मधले १० नग साडेबारा टक्के, म्हणून लवचिकता पाव. आम्ही शिकवणारे फळ्यावर रेषा मारतो, ‘अर्थातच लवचिकता बदलते’ म्हणतो आणि पुढे जातो. त्या ‘अर्थातच’पाशी अर्धा वर्ग गळतो. मागच्या वर्षी तिथेच अडकलेल्या मुलाला मात्र नेमकी कुठली पायरी सुटते हे ठाऊक असतं. तो टक्केवारी काढायला लावतो. आपल्याला जे माहीत आहे ते समोरच्याला माहीत नाही हे विसरणं किती सोपं असतं, यावर १९८९ साली कॅमेरर, लोवेनस्टाईन आणि वेबर या तिघांनी प्रयोग करून लेख लिहिला. लेख अर्थशास्त्राच्याच नियतकालिकात आला होता, हे मेसेजवाल्याच्या माहितीसाठी.

दुसरं कारण : ‘व्याख्या आणि आकृत्या पाठ करा, चर्चा म्हणजे वेळ वाया.’ बरं. पाठ करा, आणि मग हे सोडवा : किंमत वाढली म्हणून मागणी घटली, मागणी घटली म्हणून किंमत उतरली, तर शेवटी किंमत वाढली की उतरली? किंमत बदलल्यामुळे वक्रावरून सरकणं आणि दुसऱ्याच कारणाने अख्खा वक्र सरकणं यांतला फरक कुणाशी तरी भांडल्याशिवाय डोक्यात बसत नाही. पुढे जाऊ.

तिसरं कारण वाचून मी मोठ्याने हसले. ‘शिकवणाऱ्या हुशार मुलाचा संधी खर्च मोजा : स्वतःचा अभ्यास + शिकवणीची कमाई + विश्रांती.’ अहो, एकाच तासात तो या तिन्ही गोष्टी करणार होता का? संधी खर्च म्हणजे सोडून दिलेला सर्वांत चांगला एक पर्याय, सगळ्या पर्यायांची बेरीज नव्हे. ज्याला हे येत नाही त्याने अर्थशास्त्र कुणाकडून शिकावं हे सांगायला निघावं, ही कमालच. तरी लेखकाला एक दिलासा : फेरारो आणि टेलर यांनी २००५ साली अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञांच्या वार्षिक अधिवेशनात १९९ अर्थशास्त्रज्ञांना संधी खर्चाचा चार पर्यायांचा प्रश्न विचारला, तेव्हा २१.६ टक्के जणांनीच अपेक्षित उत्तर दिलं. डोळे मिटून खूण केली असती तरी २५ टक्के आले असते. प्रश्नच संदिग्ध होता असा आक्षेप नंतर घेतला गेला, तोही अगदीच पोकळ नाही. पण ‘मोठ्यांकडून शिकलं की चूक होत नाही’ हे गृहीतक कुठून आलं?

चौथं कारण : ‘तिथे ढ मुलंच जातात.’ या वाक्यानेच भाचीने माघार घेतली, असा माझा संशय आहे. १९७३ मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ नावाची पद्धत सुरू झाली. तिच्यात निवड कच्च्या मुलांची नसते, अवघड विषयाची असते. ज्या विषयात दरवर्षी बरेच जण नापास होतात किंवा तो अर्ध्यावर सोडतात, त्या विषयाच्या सगळ्यांसाठी सत्र खुलं. ट्यूटर स्वतः पुन्हा तासांना बसतो आणि सत्रात व्याख्यान देत नाही.

पाचवं कारण : ‘मुलं तिथून तयार असाइनमेंट उतरवून आणतात.’ हे होतं. नाइलाजाने मान्य करते. परीक्षेच्या तोंडावर ट्यूटर थकलेला असतो, समोरचा घाईत असतो आणि वही इकडून तिकडे जाते. चुकीची आकृती आत्मविश्वासाने काढून देणारे ट्यूटरही असतात. उपाय मात्र साधा आहे : पेन शिकणाऱ्याच्या हातात राहील, जमा करायच्या असाइनमेंटऐवजी तशाच धर्तीचं दुसरं गणित घेतलं जाईल, आणि ट्यूटरला जे सुटलं नाही ते लिहून प्राध्यापकाकडे जाईल. माझ्याकडे अशा चिठ्ठ्या येतात. सर्वांत जास्त समवृत्ती वक्रांवर (ग्राहकाला सारखंच समाधान देणाऱ्या वस्तूंच्या जोड्या दाखवणाऱ्या रेषांवर) असतात, आणि पुढचा तास मी तिथूनच सुरू करते.