चल तो रिया है, भिया!

हे वाक्य मी रिपेअरवाल्याकडून नऊ दिवसांत तीनदा ऐकलं. चौथ्यांदा कुणी म्हणालं तर हा दहा किलोचा गिटारचा अ‍ॅम्प त्याच्याच पायावर सोडीन.

दुखणं साधं होतं. वाजवता वाजवता आवाज एकदम बसायचा, बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा. वरून एक चापट मारली की परत खणखणीत. चापटीने बरं होतं म्हणजे कुठेतरी कॉन्टॅक्ट सुटतोय, हे आमच्या आजीलाही कळलं असतं. तिने रेडिओ आयुष्यभर असाच चालवला. जेल रोडवरच्या त्या महाशयांना नाही कळलं. त्यांनी ऑक्सला (बाहेरचं गाणं वाजवायच्या जॅकला) मोबाइल लावला, गाणं वाजवलं आणि हात झटकले.

अरे, माझ्या अ‍ॅम्पमध्ये ऑक्सचा आवाज थेट स्पीकर चालवणाऱ्या पॉवर अ‍ॅम्पला जातो! गिटारचा आधी तिचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्पमधून, मग मागच्या, इफेक्ट जोडायच्या सेंड-रिटर्न जॅकमधून फिरून येतो. बिघाड त्या वाटेवर असेल तर मोबाइल दिवसभर गाईल. मी खांद्यावर गिटार घेऊन समोर उभा होतो. ती लावून बघावी असं त्या माणसाला एकदाही वाटू नये?

तिसऱ्या खेपेला मी अडून बसलो तर म्हणे, "फिर तो आयसी गई होगी." जो अ‍ॅम्प आत्ता चालत होता त्याची आयसी, म्हणजे आतली चिप, गेली! बदलली, 1800 रुपये. घरी आणला, दहा मिनिटांत आवाज बसला. तोवर रामबागेतला आमचा गणपतीचा कार्यक्रमही होऊन गेला. मी कुणाची तरी अ‍ॅकॉस्टिक मागून माइकसमोर वाजवली. बाबा वर म्हणतात, "हेच बरं वाटलं, शांत."

शेवटी रात्री वैतागून सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी केबल घातली. आवाज ठणठणीत! कितीही चापटा मारा, हलला नाही. रिटर्न जॅकमध्ये एक पत्ती असते. जॅक रिकामा असला की ती टेकलेली राहते आणि सिग्नल तिच्यातूनच पुढे जातो. वर्षानुवर्षं त्या भोकात काही न घातल्याने पत्ती काळी पडली होती, बस. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर केला, झालं. आयसी बिचारी उगाच गेली.

आणि आता गिटारच्या तारांना हात लावला की झिणझिण्या येतात. हे आधी नव्हतं! प्लग उघडून बघतो तर साहेबांनी मेनची वायरसुद्धा बदललेली. प्लग तीन पिनांचा, वायर दोनच तारांची. अर्थिंगची पिन नुसती शोभेला. मला न विचारता बदललेली वायर, आणि तिचे बिलात वेगळे 120 रुपये.