"मार्क कमी? सायकॉलॉजी घ्या, क्लिनिक टाका" हा मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांनो, जरा थांबा

परवा रात्री साडेअकराला अक्काचा फोन. नीटचा रिझल्ट लागल्यापासून लातूरला तिच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नाहीये, म्हणून मी घाबरतच उचलला. तर म्हणे, "आरं तू तेच शिकलास न, मग आमाला कामून सांगितलं नाहीस? पोरगी सायकॉलॉजी घ्यायलीय, लगेच क्लिनिक टाकता येतंय म्हनं." आणि मागोमाग तो मेसेज आला. हिरव्या टिकमार्कांचा तोच, जो माझ्या तीन ग्रुपवर येऊन गेला आणि मी दरवेळी मरू दे म्हणून सोडून दिला. आता तो घरात शिरलाय.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सायकॉलॉजीला गणित नाही, घरबसल्या बीए होतं, सोबत "आमचा" ३ महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स करा, लायसन लागत नाही, स्वतःचं क्लिनिक, एका सेशनचे दीड हजार. डिप्रेशन, ओसीडी (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा), स्किझोफ्रेनिया (भास, भ्रम) सगळं गोळ्यांशिवाय बरं करायला शिकवू. आणि हे नाहीच जमलं तर प्रत्येक शाळेत सरकारी नोकरी पक्की.

गणित नाही म्हणे. स्टॅटिस्टिक्सचा पेपर काय आकाशातून पडतो का? स्टँडर्ड डेव्हिएशन, कोरिलेशन, टी-टेस्ट, आणि एमएला गेलात की अनोव्हा. शिवाय प्रॅक्टिकल. आरशात बघून चांदणी गिरवायचा एक प्रयोग असतो, हात उलटा पळतो, बाजूला पार्टनर स्टॉपवॉच घेऊन चुका मोजतो, आणि मग त्या आकड्यांचा ग्राफ काढून जर्नल लिहायचं. आमच्या बॅचची अर्धी पोरं तिथंच गार झाली होती.

घरबसल्याचं तर विचारूच नका. २०२५ च्या प्रवेशापासून यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाईन शिकवायलाच बंदी घातलीय, कारण हा विषय आता २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्यसेवकांच्या, कायद्याच्या कक्षेत आलाय. म्हणजे मेसेजवाला जी डिग्री विकायलाय तिला नव्यानं ॲडमिशनच नाही.

आता लायसनचं. इथं मला अर्धी गोष्ट नाइलाजानं मान्य करावी लागते. "समुपदेशक" अशी पाटी लावायला आजवर कुणी फार अडवलेलं नाही, आणि म्हणूनच ज्याला कुठं काही जमलं नाही तो लाईफ कोच झालाय. पण स्किझोफ्रेनिया? ओसीडी? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर गोळ्यांशिवाय उपचार करणारा, कोण ते स्पष्ट लिहिलंय: पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेलं क्लिनिकल सायकॉलॉजीचं शिक्षण, नाहीतर एमएनंतर २ वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही सीनियरच्या देखरेखीत पेशंट बघून. आणि परिषदेच्या १९९२ च्या कायद्याचं कलम १३ सांगतं की रजिस्टरमध्ये नाव नसताना हे काम केलं तर १ वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये म्हणजे यांच्या एका सेशनपेक्षा कमी, तो विनोद वेगळाच. गोळ्या लिहिणं किंवा बंद करणं तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्याही हातात नसतं, ते सायकिॲट्रिस्टचं, एमबीबीएस करून पुढं त्यातच शिकलेल्या डॉक्टरचं काम. मी एमए करून इतकी वर्षं सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे आणि अजून स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत नाही, कारण मी तो नाही.

याच मुद्द्यावर एवढा का चिडलो ते सांगतो. मागच्या उन्हाळ्यात एक बाप पोराला घेऊन आला. ऊसतोडीचं कुटुंब, पोरगा बावीस-तेवीसचा. आवाज ऐकू यायचे, गोळ्या चालू होत्या, बराही होत होता, त्या सीझनला कोयता घेऊन फडात उतरला होता. मधेच कुणीतरी एका "सेंटर"चा पत्ता दिला. तिथल्या माणसानं सांगितलं की गोळ्यांनी मेंदू सुस्त होतो, बंद करा, मी सबकॉन्शस माइंड दुरुस्त करतो. दहा सेशन, पैसे उचलीतून, म्हणजे मुकादमाकडून घेतलेल्या ॲडव्हान्समधून. सातव्या सेशननंतर पोरगा विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत आतून कडी लावून दोन रात्री बसला, बाहेर सगळे आपल्याला मारायलाच आलेत म्हणून. बापानं पायजम्याच्या खिशातून घडी करून ठेवलेली पावती काढून दाखवली, त्यावर नावाआधी "डॉ." छापलेलं. मला म्हणाला, "साहेब, डॉक्टरच होता की." काय सांगणार त्याला? राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाण्याला, पुण्याला, नागपूरला आणि रत्नागिरीला, त्यातलं मराठवाड्यात एकही नाही, मग माणूस जवळ जी पाटी दिसंल तिथंच जाणार.

राहिली सरकारी नोकरी. इथंही थोडं खरंय. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या केसमध्ये सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि त्यात कोचिंग क्लासेसही आले. लातूर-नांदेडातले क्लासेस डोळ्यासमोर आणा, काम किती आहे ते कळंल. पण कोर्टानं सांगणं आणि तुमच्या हातात ऑर्डर पडणं यात बरंच अंतर असतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जागा आहेत पण कंत्राटी, एचआयव्हीच्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रातही समुपदेशक लागतो, तोही कंत्राटीच. दर वर्षी ऑर्डर संपायच्या आधीचे पंधरा दिवस आम्ही सगळे एकमेकांना "आली का रं?" एवढंच विचारतो.

बाकी सरळ वाटाही आहेत, फक्त त्या टिकमार्कात बसत नाहीत. कंपन्यांचं एचआर आहे, वाळूजच्या एमआयडीसीत जाऊन बघा. नेट-सेट करून शिकवता येतं. यूपीएससीला ऑप्शनल घेता येतो. बाल न्याय मंडळावर सदस्य नेमताना कायद्यात बालमानसशास्त्राची डिग्री असलेल्या प्रॅक्टिस करणाऱ्यांचा नावानिशी उल्लेख आहे, हे कितीजणांना माहितीय? आणि खरंच पेशंट बघायचे असतील तर बारावीनंतर सरळ सहा-सात वर्षं धरून चाला, आणि फी भरायच्या आधी आरसीआयच्या साईटवर त्या कॉलेजचं आणि कोर्सचं नाव शोधा.

भाचीला मी नको म्हणालो नाही. पोरगी हुशारय, माणसाचं ऐकून घेते, चांगलं करंल. तिनं एकच विचारलं, "मामा, मग तीन महिन्यांचं काय?" तेव्हा कळलं की अक्कानं आधीच पाच हजार ॲडव्हान्स फोन-पे केलेत. काल सकाळपासून तो नंबर लावायलोय. सर मीटिंगमध्ये आहेत म्हणे.