बुलेटचं फायरिंग कसं सुधारावं

हप्त्यावर बुलेट घेतली आणि ती आल्याचं वाडीत फक्त कुत्र्याला कळलं, तर काय उपयोग? कंपनीने सायलेन्सरच्या पोटात जाळ्या आणि कप्पे घालून तिचं तोंडच बांधलेलं असतं. १७५ सीसीवरच्या दुचाकीला कारखान्यातून निघतानाच ८० डेसिबलची मर्यादा. ऐंशीत कसली आलीय इज्जत! तेव्हा तो सायलेन्सर उतरवा आणि आतून मोकळा फ्री-फ्लो चढवा.

देवगडच्या बागायतदारांनी तर जरूर चढवावा. वांदर हाकलायला वेगळे फटाके नकोत. वांदर लवकरच सरावतात, शेजारी सरावत नाहीत. पण ते कलमांवर कुठे चढतात?

गडग्यांमधल्या अरुंद पाणंदीतून भल्या पहाटे गाडी काढा. खळ्यातून एखादी म्हातारी विचारील, "रे मेल्या, इंजिन फुटलां काय तुझां?" ही दाद समजा. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, हा हिशेब तिला समजावत बसू नका.

पुढे हेल्मेटमध्ये तुमचंच डोकं भणभणू लागेल. घाबरायचं नाही, खरी सुधारणा इथून सुरू होते. बॅफल विकत आणा. बॅफल म्हणजे सायलेन्सरच्या आत बसणारी भोकं पाडलेली नळी, वरून ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) गुंडाळलेलं. धूर भोकांतून पसरतो, ग्लासवूल कर्कश सूर गिळतं आणि भारदस्त ढगढग तेवढी उरते. थोडक्यात, कंपनीने गाडीसोबत दिलेली शांतता काढून टाकायची आणि बाजारातून सुटी विकत घ्यायची. याला मॉडिफिकेशन म्हणतात.

बसवताना गाडी गार हवी. सायलेन्सरच्या नळीचा आतला व्यास मोजून घ्या. अंदाजपंचे आणलेलं बॅफल एक तर शिरत नाही, नाहीतर खुळखुळतं. ग्लासवूलला उघडा हात लावाल तर खाजकुयली परवडली म्हणाल. बॅफल धरून ठेवणारा बोल्ट स्टेनलेसचाच घ्या. साधा असला तर खाऱ्या वाऱ्यात गंजून असा धरतो, की पुढे ग्राइंडरशिवाय निघत नाही. सैल राहिला तर उलट, फोंडा घाटाच्या एखाद्या वळणावर बॅफल तुमच्याआधी उतरून मोकळं. गाडी जुनी कार्ब्युरेटरवाली असेल तर जेट, म्हणजे त्यातली पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, बदलून घ्या. नाही बदललात तर हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून फटाके. तेही चालेल म्हणा, मुद्दा आवाजाचाच आहे.

सरकारचं प्रोत्साहनही आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली आवाजाची मर्यादा मोडल्यास पहिल्याच खेपेला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वर तीन महिने लायसनला विश्रांती.

मूळ सायलेन्सर मात्र भंगारात घालू नका. नाक्यावर साहेब तोच बसवून आणायला सांगतात, आणि भंगारवाला घाईचं गिऱ्हाईक लांबून ओळखतो.