‘फौजी गणवेश शंभर टक्के सुतीच हवा’: हा दावा कुठे फसतो

लष्कराने जानेवारी 2022 मध्ये नवा कॉम्बॅट गणवेश दाखवला. त्याचं कापड 70 टक्के कॉटन, 30 टक्के पॉलिस्टर. त्यावरून एक मजकूर अधूनमधून फिरतो: पॉलिस्टर घालून पैसे वाचवले, जवानाला शुद्ध सुतीच हवं, ते उन्हात गार, थंडीत ऊबदार, आगीत सुरक्षित, शिवाय स्टार्च करून कडक ठेवता येतं.

‘सुती घाम शोषतं, म्हणून गार.’ घाम शोषल्याने अंग गार होत नाही, तो उडाल्याने होतं. राजस्थानच्या कोरड्या उन्हात सुती कापड झटपट वाळतं. तिथे तक्रार नाही. अरुणाचलच्या दमट जंगलात मात्र सुताचा तंतू पाणी आत धरून बसतो. पॉलिस्टरचा तंतू ते जवळपास पीतच नाही. ओली पँट जांघेत घासते, कातडी सोलवटते, मग नायटा. कोकणात श्रावणात दोरीवर टाकलेले सुती कपडे ज्यांनी हुंगलेत, त्यांना अधिक सांगायला नको.

‘मिश्रण म्हणजे काटकसर.’ अमेरिकी सैन्याने हे करून पाहिलं आहे. 1980 च्या दशकातला त्यांचा निम्मं नायलॉन, निम्मं कॉटन असा जाड ट्विलचा (तिरप्या विणीच्या कापडाचा) गणवेश उकाड्यात असह्य झाला, म्हणून शुद्ध सुती रिपस्टॉप (फाट अडवणाऱ्या विणीचं कापड) आणलं. ते लवकर झिजलं, विटलं. 1990 च्या दशकात पुन्हा निम्मं नायलॉन आलं, पण हलक्या रिपस्टॉप विणीत. म्हणजे दोष नायलॉनइतकाच, किंबहुना जास्त, वजनाचा आणि विणीचा होता. रिपस्टॉपमध्ये दर काही मिलिमीटरवर उभा-आडवा जाड धागा असतो. काट्याने पडलेली फाट तिथेच अडते. लेबलवर नुसतं ‘कॉटन’ वाचून यातलं काहीच कळत नाही.

‘थंडीत जाड सुती.’ हा सल्ला जिवावर बेतणारा आहे. चढावर घाम येतोच, आणि पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता ओढून नेतं. थांबताच ओला बनियन अंग गारठवतो. म्हणून सियाचीनसारख्या ठिकाणी अंगालगत लोकर किंवा पॉलिस्टर, त्यावर ऊब धरणारा थर, वर वारा अडवणारा. सुती कुठेच नाही.

आगीचा मुद्दा मात्र खरा आहे. पॉलिस्टर साधारण 250–260 अंशांना वितळून कातडीला चिकटतं. 2006 मध्ये अमेरिकी मरीन्सना इराकमध्ये तळाबाहेर सिंथेटिक टी-शर्ट घालायला बंदी झाली ती यामुळेच. पण सुतीही पेटतंच. मिश्रणात तर जळालेलं सूत वितळलेल्या पॉलिस्टरला वातीसारखं धरून ठेवतं. रणगाड्यात किंवा विमानात म्हणून दोन्ही नकोत. तिथे अ‍ॅरामिड (न वितळणारा, सहज न पेटणारा कृत्रिम तंतू) किंवा अग्निरोधक रेयॉनचं मिश्रण लागतं.

राहिला स्टार्च. त्याने विणीतली भोकं बुजतात, हवा खेळत नाही. स्टार्चमुळे आणि कपडे ‘उजळवणाऱ्या’ डिटर्जंटमुळे नाइट व्हिजनमध्ये गणवेश भोवतालच्या झाडीपेक्षा उठून दिसू शकतो. परेडचा ड्रेस खुशाल कडक करा. कॉम्बॅटला साधा साबण, आणि सावलीत वाळवणं.