राजदूत व्हायचंय? आधी बनात विका

राजदूत व्हायचं मनात असेल तर परीक्षा, मुलाखती, परकीय भाषांचे क्लास या भानगडीत पडू नका. कापडाच्या धंद्यात शिरा. त्यातही बनात बघा, जाड लोकरीची, वजनदार. गिऱ्हाईकाच्या हातात ठाण देऊन "बघा तरी, घेऊ नका" म्हणायची सवय एकदा जिभेला लागली, की पुढे सुलतानासमोरही तीच कामाला येते.

हे मी मनचं सांगत नाही. विल्यम हार्बर्न नावाच्या इंग्रजाने सोळाव्या शतकात हे करून दाखवलं आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्रेट यार्मथ या बंदरातला हा माणूस, जन्म १५४२च्या सुमाराचा. १५७५ साली गावाने त्याला पार्लमेंटवर निवडून दिलं आणि वर्ष सरता सरता ती निवड रद्दही केली. जागा मिळाली एडवर्ड बेकनला. बेकनचे वडील एलिझाबेथ राणीचे लॉर्ड कीपर, म्हणजे राजमुद्रा सांभाळणारे बडे साहेब होते, हा अर्थातच योगायोग. तेव्हा तुमचंही कुठे तिकीट कापलं गेलं असेल तर तोंड पाडून बसू नका. गावात नगरसेवक होता येत नसेल तर परदेशात राजदूत होता येतं.

त्यासाठी दोन शेठ गाठा. हार्बर्नला लंडनचे एडवर्ड ऑस्बर्न आणि रिचर्ड स्टेपर मिळाले. या दोघांनी १५७५ साली पदरच्या पैशाने दोन माणसं पोलंडमार्गे कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला धाडली. ती तिथे दीड वर्ष चिकटून बसली आणि ऑस्बर्नच्या गुमास्त्याला सुखरूप येऊ देण्याचा परवाना घेऊनच परतली. तो गुमास्ता म्हणजे आपला नायक. आता तुम्ही म्हणाल, एवढी यातायात कशाला, जहाजात माल भरावा आणि जावं सरळ. तीच तर मेख होती. १५६९ सालच्या करारानुसार तुर्की मुलखात व्हेनिस सोडून बाकी युरोपियनांनी व्यापार करायचा तो फ्रान्सच्या झेंड्याखाली. म्हणजे माल इंग्रजांचा, जोखीम इंग्रजांची आणि दुकानावर पाटी फ्रेंचांची.

म्हणून हार्बर्न समुद्राने गेलाच नाही. १ जुलै १५७८ला लंडनहून निघाला, हँबर्गला उतरला, जमिनीवरून तेव्हा पोलंडात असलेल्या ल्वूवला पोचला. तिथे अंगावरचे इंग्रजी कपडे उतरवून तुर्की पोशाख चढवला आणि मायदेशी परतणाऱ्या सुलतानाच्या दूताबरोबर निघाला. २८ ऑक्टोबरला कॉन्स्टँटिनोपल. हा भाग नीट लक्षात ठेवा: राजदूत होणाऱ्या माणसाने आपल्या देशाचं प्रतिनिधित्व करायला सुरुवात केली ती आपण त्या देशाचे आहोत हे लपवून.

पोचल्यावर घाई करू नका. कुणाचा हात ओला करायचा आणि कुणाला नुसतंच हसून दाखवायचं, हे कापडवाल्याला शिकवावं लागत नाही. पाच महिन्यांत, मार्च १५७९मध्ये, सुलतान मुराद तिसरा याचं पत्र एलिझाबेथ राणीच्या नावे निघालं. इतकी वर्षं कुठल्या सरदार-उमरावाला जमलं नव्हतं ते एका गुमास्त्याला जमलं. पत्रात सवलत होती ती ऑस्बर्न, स्टेपर आणि हार्बर्न या तिघांना. राणीने ऑक्टोबरात उत्तर पाठवलं: आभारी आहोत, पण तिघांनाच का, आमच्या सगळ्या प्रजेला द्या की. एक किलो घेतलं की मूठभर वर मागायची, हा नियम राजवाड्यातही पाळतात. १५८०च्या उन्हाळ्यात मागणी मान्य झाली.

त्या पत्रात राणीने स्वतःला जे बिरूद लावलं, ते तुम्ही वहीत लिहून ठेवावं असं आहे. मूर्तिपूजकांपासून ख्रिस्ती धर्माचं रक्षण करणारी, अजिंक्य वगैरे. समोर मुसलमान सुलतान, मग हे शब्द का? कारण राणी प्रॉटेस्टंट, मूर्ती तिलाही चालत नाहीत आणि सुलतानालाही. मूर्तिपूजक कोण? पोप, स्पेन, फ्रान्स. शेजाऱ्याशी भांडण असलं की पलीकडच्या गल्लीतल्या माणसाशी एकदम गोत्र जुळतं, तशातला प्रकार.

आणि गोत्र जुळवायला नुसते शब्द नव्हते, मालही होता. आठव्या हेन्रीच्या काळात इंग्लंडातले मठ मोडले गेले. छपरांचं शिसं निघालं, घंटांचं कासं निघालं. कासं म्हणजे तांबं आणि कथील, म्हणजेच तोफेचा धातू. तुर्कांना तोफा ओतायला कथील हवंच होतं. आता गंमत बघा. मुसलमानांना लढाईचं सामान विकायला कॅथलिक चर्चची मनाई. पण पोपने एलिझाबेथला १५७०मध्ये वाळीत टाकलं होतं. वाळीत टाकलेल्या माणसाने जातीचे नियम कशाला पाळायचे? लंडनमधला स्पॅनिश राजदूत मेंडोसा या कथलावरून आपल्या राजाला कळवळून पत्रं लिहीत होता. तुमच्यावर कुणी बहिष्कार टाकला तर रडत बसू नका. त्या बहिष्कारात कुठली मनाई आपोआप उठते ते आधी तपासा.

एक गोष्ट मात्र करू नका. आपल्या माणसांना जामीन राहू नका. १५८१मध्ये 'बार्क रो' नावाचं इंग्रजी जहाज भूमध्य समुद्रात आलं. कप्तान पीटर बेकर. परतीच्या वाटेवर त्याने दोन ग्रीक जहाजं लुटली आणि ही ग्रीक मंडळी सुलतानाचीच प्रजा निघाली. फिर्याद थेट दरबारात. इतक्या कष्टाने मिळवलेला करार गेला, हार्बर्न अडकला, फ्रेंच राजदूत जर्मिन्यीच्या घरी दिवाळी. राणीने सुलतानाला लिहिलं, आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, फार वाईट वाटलं. हार्बर्न उन्हाळ्यात काढता पाय घेऊन घरी आला. कुणालाही वाटेल, संपलं. पण धंद्यातला माणूस एका बुडीत खात्यावरून दुकान बंद करत नाही.

सप्टेंबर १५८१मध्ये राणीने ऑस्बर्न, स्टेपर आणि त्यांच्या सोबत्यांना तुर्की व्यापाराची सनद दिली. सात वर्षं, सभासद बारापर्यंत, बाकी कुणी त्या वाटेला जायचं नाही. हीच पुढे लेव्हंट कंपनी. करार परत मिळवायचा तर आता गुमास्ता चालणार नव्हता, राजदूत हवा. राजदूत पाठवायचा तर पैसे हवेत. आणि पैशाचं नाव काढलं की एलिझाबेथ राणीला भलतीच कामं आठवत. शेवटी ठरलं ते असं: नियुक्तीचा कागद राणीचा, सही राणीची, मान राणीचा. पगार कंपनीचा. जहाज कंपनीचं, घरभाडं कंपनीचं, नजराणाही कंपनीचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण त्या बाईंना माहीत नसावी, पण आचरणात पक्की होती. २० नोव्हेंबर १५८२च्या कागदाने हार्बर्न राणीचा वकील झाला. काल जो बनातीची ठाणं मोजत होता तोच, तीच दाढी, तेच शेठ. फक्त खिशात एक कागद वाढला.

मार्च १५८३मध्ये 'सुझन' जहाजातून तो कॉन्स्टँटिनोपलला उतरला तेव्हा फ्रेंच वकील आणि व्हेनिसचा बैलो, म्हणजे त्यांचा तिथला वकील, दोघेही ओरडत होते, हा राजदूत नव्हे, हा व्यापारी आहे! बोलत होते ते शंभर टक्के खरं. अशा वेळी खुलासा करायला जाऊ नका. आहेर काढा.

लग्नात दाराशी एक काका वही घेऊन बसतात, कुणी काय दिलं ते टिपायला. तसा कुणीतरी या शिष्टमंडळातही होता, म्हणून सगळी यादी आज आपल्याला कळते. बनातीची बारा उंची ठाणं. सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची भांडी. प्यायला चांदीचे दोन पोपट, त्यातला एक दोन डोक्यांचा. (पगार एकाकडून आणि हुकूम दुसऱ्याकडून घेणाऱ्या वकिलाने हा पोपट निवडून दिला, की कारागिराची थट्टा होती, कोण जाणे.) मग कुत्री: तीन मास्टिफ, तीन स्पॅनियल, दोन ब्लडहाउंड, दोन ग्रेहाउंड, एक साधं शिकारी, शिवाय रेशमी झगे घातलेली दोन चिमुकली. मास्टिफांच्या अंगावरही झगे होते, तांबड्या कापडाचे. आता सांगा, कुत्र्याला झगा कशाला? पण कापडवाल्याच्या नजरेने बघा. जगातल्या सर्वांत बड्या गिऱ्हाइकासमोर तीन तगडी कुत्री लाल कापड घालून चालत गेली. आपण नजराणा म्हणतो, ते नमुने होते.

आणि घड्याळ. किंमत पाचशे पौंड, तेव्हाचे पौंड. वर चांदीच्या झाडांचं रान, त्यात हरणं, हरणांमागे कुत्री, कुत्र्यांमागे घोडेस्वार. कुणी पाणी शेंदतंय, कुणी हातगाडीवरून खाणीतला दगड नेतंय. माथ्यावर किल्ला, किल्ल्यावर गिरणी. सगळं चांदीचं, भोवती रत्नं जडवलेली. किती वाजले हे त्यात सुलतानाला दिसलं असेल का याची मला शंका आहे, पण घड्याळाचं खरं काम ते नव्हतं.

दरबारात जाताना मान ताठ वगैरे ठेवायचा विचार सोडून द्या. सुलतानासमोर नेताना दोन्ही दंड दोन अधिकारी धरतात, तसंच पुढे नेतात, तसंच मागे आणतात. कोसोवोच्या लढाईत पहिल्या मुरादचा खून झाला त्यानंतरची ही खबरदारी, असं सांगतात. त्याआधी मात्र जेवण झकास, शंभरेक ताटं, बरीचशी उकडलेली आणि भाजलेली. प्यायला गुलाबपाणी, साखर आणि मसाले घालून केलेलं सरबत. दारूची सवय असलेल्या इंग्रजांनी ते हसतमुखाने पिऊन दाखवलं असणार. राजनीती म्हणतात ती हीच. करार परत मिळाला.

मग कामं लागली मागे. इजिप्तला कॉन्सल, अलेप्पोला कॉन्सल, चाच्यांनी धरलेल्या इंग्रज खलाशांसाठी पत्रं. त्यातलं १५८६चं एक पत्र वाचताना मला वकिलाचा हेवा वाटला. अल्जीयर्सच्या पाशाचा खजिनदार हसन आगा म्हणजे मूळचा ब्रिस्टलच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा, सॅमसन राउली. जहाजावर पकडला गेला, खोजा झाला, मुसलमान झाला, खजिना सांभाळू लागला. हार्बर्न त्याला लिहितो, तुमची ख्रिस्तावरची निष्ठा आम्हाला ठाऊक आहे, तेव्हा आपल्या देशबांधवांना मदत करा. असं पत्र लिहायला काय लागतं? दुकानाच्या गल्ल्यावरची वीस वर्षं.

या तंत्राचा भरवसा मात्र सगळीकडे धरू नका. त्याच १५८३ साली त्याच ऑस्बर्न-स्टेपरनी 'टायगर' जहाजातून आणखी काही माणसं पुढे हिंदुस्थानाकडे पाठवली. न्यूबेरी, फिच, लीड्स जवाहिरा आणि स्टोरी चित्रकार. गाठोड्यात बादशहा अकबराच्या नावे राणीचं पत्र. म्हणजे मसाला तोच, व्यापारी आणि वर राजाचा कागद. पण हॉर्मुझला, म्हणजे इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या पोर्तुगीज ठाण्यावर, व्हेनिसवाल्यांनी कान भरले, पोर्तुगीजांनी चौघांना धरून गोव्याला आणलं आणि कैदेत टाकलं. तिथे ना कुत्री कामाला आली ना घड्याळ. उपयोगी पडला तो एक इंग्रज जेझुइट, फादर थॉमस स्टीफन्स, ज्याने पुढे मराठीत ख्रिस्तपुराण लिहिलं. त्याच्या खटपटीने जामीन झाला. चित्रकार स्टोरी पाद्र्यांच्या कॉलेजात रंगकामाला लागला आणि गोव्यातच राहिला. बाकीचे १५८४च्या एप्रिलमध्ये गुपचूप विजापूरकडे पळाले. तेव्हा निघण्यापूर्वी, जिथे जाणार तिथे आपल्या गावचा एखादा पाद्री आधीच बसलाय का, एवढी चौकशी करून घ्या.

कॉन्स्टँटिनोपलला एव्हाना वकिलाच्या खऱ्या मालकिणीलाही त्याची आठवण झाली होती. १५८५मध्ये राणीचा सचिव वॉल्सिंगहॅम याने लिहिलं: सुलतानाचं आरमार स्पेनवर घालायला लाव. फुकट. हार्बर्नने अर्ज केले, विनवण्या केल्या, १५८७मध्ये सुलतानाला लेखी गळ घातली. पण सुलतानाचं इराणशी युद्ध चालू होतं आणि ते १५९०पर्यंत काही संपलं नाही. एकही गलबत हललं नाही. ३ ऑगस्ट १५८८ला हार्बर्न परतीला निघाला, पुन्हा पोलंडमार्गे, पुन्हा जमिनीवरून. १९ डिसेंबरला लंडनला पोचला तेव्हा इंग्लंडवर चालून आलेल्या स्पॅनिश आरमाराचा निकाल कधीच लागून गेला होता. ज्या कामासाठी पत्रांवर पत्रं आली ते काम वारा-वादळ आणि इंग्रज तोफांनी परस्पर उरकलं होतं.

'सर' ही पदवी त्याला मिळाली नाही. ती शेठ ऑस्बर्नला मिळाली, लंडनचं मेयरपदही मिळालं. वाईट वाटून घेऊ नका, वेळेवर निघणं हीच मोठी कमाई. हार्बर्नने नॉरफोकातल्या मंडम गावी घर केलं, लग्न केलं आणि १६१७पर्यंत तिथे सुखाने राहिला. मागे खुर्चीवर सोडला तो त्याचा सेक्रेटरी एडवर्ड बार्टन. नव्या वकिलाने नवा नजराणा आणायचा, हा रिवाज. नजराणा कंपनीने भरायचा, हा करार. बार्टन वाट बघत राहिला. १५८९ गेलं, १५९० गेलं. 'असेन्शन' जहाज भेटी घेऊन धक्क्याला लागलं ते १५९३च्या सप्टेंबरात. तोवर दरबारात जाऊन तो काय सांगत असेल? माल वाटेत आहे.