भंगारवाल्याला परत पाठवा

गणपतीला गावी आलात की माळा आवरायला घेऊ नका. भंगारवाला खळ्यात आला तर चहा पाजून वाटेला लावा. माळ्यावर काय पडलंय ते त्याला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही नाही.

१९१७ साली न्यूयॉर्कच्या एका कलाप्रदर्शनात मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताने दुकानातलं मुतारीचं भांडं उताणं करून, 'आर. मट' अशी सही ठोकून पाठवलं. फी भरेल त्याचं काम मांडू, असा आयोजकांचाच नियम. तरी हे त्यांनी मांडलं नाही. मूळ भांडं हरवलं. १९६४ मध्ये केलेल्या त्याच्या प्रतिकृती आज संग्रहालयांत आहेत. तेव्हा न्हाणीतलं चेपलेलं घंगाळ टाकू नका, उपडं करा. सही मात्र जपून. सातबाऱ्यावर सतरा नावं असतील तर घंगाळातही सतरा हिस्से निघतात.

जेफ कून्स या अमेरिकन कलावंताने १९८० च्या सुमारास कोरे व्हॅक्यूम क्लीनर पारदर्शक पेट्यांत, ट्यूबलाइटच्या उजेडात मांडले. वापरायचे नाहीत, नुसते बघायचे. यात नवीन काय? आमच्या शोकेसमध्ये आईच्या लग्नातला लेमन सेट आहे. सहा ग्लास, एक जग, काठाला सोनेरी रेघ. पाहुण्यांना कोकम सरबत मिळतं ते स्टीलच्या पेल्यातून. जगाच्या बुडाला दुकानाची चिठ्ठी अजून आहे, फक्त किंमत पुसली गेलीय. कून्स पुढे गेला तो तिथेच.

किमतीवरून आठवलं. मौरिझियो कातेलान या इटालियन कलावंताने २०१९ मध्ये मायामीत टेपने भिंतीला चिकटवलेलं केळं २०२४ च्या लिलावात बासष्ट लाख डॉलरला गेलं, आणि घेणाऱ्याने खाल्लंही. आपल्याकडे हा प्रयोग पडवीत करू नका. वानर लिलावापर्यंत थांबत नाहीत.

आणि कला घरच्यांपासून जपा. द्युशाँ अमेरिकेला गेल्यावर बहिणीने त्याचा पॅरिसमधला स्टुडिओ आवरला आणि स्टुलावर बसवलेलं सायकलचं चाक अडगळ म्हणून फेकून दिलं. मी तर परवा आडाळीच (म्हणजे विळी) स्टुलावर मांडली, वर पिवळा बल्ब सोडला, खाली पुठ्ठ्यावर लिहिलं: 'प्रतीक्षा–३'. (एक आणि दोन नाहीत. आकडा लागतो.) चुलतभाऊ हात मागे बांधून दोन मिनिटं गप्प उभा राहिला, म्हणजे जमलं होतं. तेवढ्यात मागच्या दारातून काकीचा आवाज आला, "रे, माझी आडाळी खंय ठेवलंस? नारळ खवूचो आसा!"

पुठ्ठा अजून स्टुलावर आहे.